मागच्या डिस्क बदलताना हँडब्रेकची जुळणी : माझा अनुभव

माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, झिजून त्यांच्यावरच कोरलेल्या किमान जाडीपर्यंत आल्या होत्या. त्या बदलण्याचे काम मी स्वतः करायचे ठरवले, तेव्हा माझे खरे लक्ष हँडब्रेककडे होते. गेले काही महिने त्याचा दांडा बराच वर आल्याशिवाय गाडी उतारावर थांबत नव्हती. डिस्क आणि पॅड बदलणे हे तसे सरळ काम आहे. त्यासोबत येणारी हँडब्रेकची जुळणी मात्र योग्य क्रमाने केली नाही तर नव्या डिस्क बसवूनही दांडा तसाच ढिला राहतो किंवा चाके घासत राहतात.

माझ्या गाडीत मागच्या डिस्कचा मधला खोलगट भाग हाच हँडब्रेकचा ड्रम आहे. पायाचा ब्रेक दाबला की कॅलिपरमधले (डिस्कच्या कडेवर बसवलेल्या पकडीमधले) पॅड डिस्कला बाहेरून चिमटतात, तर हँडब्रेक ओढला की केबलमुळे आतले दोन ब्रेक शू (अर्धगोल पट्ट्या) फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकतात. म्हणजेच डिस्क बदलली की हँडब्रेकचा ड्रमही बदलतो, आणि जुन्या ड्रमसाठी जुळवलेले शू नव्या ड्रममध्ये तसेच बसतील असे गृहीत धरता येत नाही. काही गाड्यांमध्ये हँडब्रेक कॅलिपरच्या पिस्टनमधूनच चालतो आणि तिथे पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो; विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर काम सुरू करण्यापूर्वी त्याला दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे लागते. मी पुढे जे लिहितो आहे ते केवळ ड्रम असलेल्या रचनेला लागू आहे.

काम सुरू करण्यापूर्वी मी दांड्याजवळचा केबलचा नट पाहिला. तो बराच पुढे घेतलेला होता. पूर्वी कधीतरी शूंना हात न लावता केवळ केबल ताणून दांडा घट्ट केलेला होता, हे त्यावरून उघड झाले. असे केल्याने काही काळ दांडा घट्ट लागतो, पण चाकाजवळचा शू फाकवणारा छोटा लिव्हर आपल्या मूळ जागी परत जात नाही. त्याची काही हालचाल आधीच खर्च झालेली असते, आणि नंतर शू जुळवायला बसले तर मिळणारा अंदाजही खोटा ठरतो. म्हणून मी सर्वांत आधी तो नट इतका सैल केला की केबलमध्ये स्पष्ट ढिलाई दिसू लागली. या कामात यापेक्षा महत्त्वाची दुसरी पायरी नाही, असे माझे ठाम मत आहे : आधी केबल सोडायची, मग शू जुळवायचे आणि केबल शेवटी ताणायची.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवून आणि हँडब्रेक पूर्ण खाली सोडून मी चाके काढली. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवला. जुनी डिस्क मात्र सहज निघेना. त्यामागे दोन कारणे असतात. एक म्हणजे हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर, साचलेला गंज. दुसरे म्हणजे ड्रमच्या आतल्या कडेला गंज आणि झिजेमुळे तयार झालेली उंचवट्याची कड, जी शूंना अडकते. दुसऱ्या कारणावर हातोडा हा उपाय नव्हे, कारण जोर केला तर शू धरून ठेवणाऱ्या पिना आणि स्प्रिंग उखडून येऊ शकतात. डिस्कवरच्या रबरी बुचाच्या छिद्रातून विजेरीने पाहत मी शूंमधले अंतर कमी-जास्त करणारी दातेरी चाकी शोधली आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवून शू आत घेतले. चाकी कोणत्या दिशेने फिरवायची हे डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे असू शकते, म्हणून डिस्क हाताने हलवून ती सैल होते की घट्ट हे दर काही दातांनंतर तपासणे योग्य. त्यानंतर डिस्कवरच्या आटे असलेल्या दोन छिद्रांमध्ये बोल्ट आळीपाळीने आवळल्यावर ती हबपासून सुटली.

आतली धूळ मी फुंकली नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घेतली. शूंवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनिंगमध्ये, ते जुने असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. हँडब्रेक बहुतेक वेळा गाडी उभी असतानाच ओढला जात असल्याने शूंचे लायनिंग फारसे झिजत नाही, पण दमटपणामुळे ते लोखंडापासून सुटू शकते, म्हणून जाडीइतकीच त्याची चिकटणही पाहावी लागते. माझे लायनिंग शाबूत होते. एका बाजूच्या दातेरी चाकीचे आटे मात्र गंजून जाम झाले होते. स्प्रिंगांची जागा कळावी म्हणून आधी छायाचित्र काढून मी ती चाकी बाहेर काढली, तारेच्या ब्रशने साफ केली आणि उष्णता सहन करणारे ग्रीस पातळ लावून परत बसवली. लायनिंगला ग्रीसचा डागही लागू देता कामा नये.

हबचा पृष्ठभाग मी लखलखीत होईपर्यंत घासला. तिथे गंजाची बारीक खपली राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेपर्यंत तो तिरकेपणा वाढून ब्रेक दाबताना पॅडलला थरथर जाणवू शकते. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते. ते मी बाहेरून आणि ड्रमच्या आतूनही ब्रेक क्लीनरने काढले. आतली बाजू पुसायची राहून गेली तर हँडब्रेकची पकडच जाते.

खरी जुळणी मी कॅलिपर बसवण्यापूर्वी केली, कारण पॅड जागेवर असले की त्यांची घासण आणि शूंची घासण वेगळी ओळखता येत नाही. डिस्क हबला सपाट टेकावी म्हणून सर्व चाकाचे नट हलके आवळले आणि मग डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत दातेरी चाकी फिरवली. त्यानंतर एकेक दात मागे घेत, डिस्क मोकळी फिरेल आणि कानाला केवळ अगदी हलकी घासण ऐकू येईल इथवर आणले. दुसऱ्या बाजूलाही तेच केले. मग केबलची ढिलाई जेमतेम जाईल इतकाच नट आवळला, शू मध्यावर यावेत म्हणून दांडा अनेकदा पूर्ण जोराने ओढून सोडला आणि दोन्ही चाकी पुन्हा तपासल्या. अपेक्षेप्रमाणे एका बाजूला थोडी ढिलाई आली होती, ती काढली. शेवटी केबल अशी ताणली की पुस्तिकेत दिलेल्या दांड्याच्या खटक्यांवर दोन्ही डिस्क एकाच वेळी घट्ट धरल्या जाव्यात आणि दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही मोकळ्या फिराव्यात. एक बाजू आधी धरत असेल तर केबलने ती दुरुस्त होत नाही. त्यासाठी चाकीकडेच परतावे लागते.

कॅलिपर बसवून, बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून, गाडी हलवण्यापूर्वी मी पॅडल कडक होईपर्यंत दाबले. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगात, दांड्याचे बटण दाबून धरत हँडब्रेक हलका ओढला आणि थोडे अंतर तसाच ठेवला, म्हणजे शू नव्या ड्रमला बसतात. मधे थंड होऊ देऊन हे पुन्हा केले. हँडब्रेकने वेग कमी होताना मागचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत, म्हणून मागे वाहन नसतानाच हे करावे. फेरीनंतर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात धरून उष्णता सारखी आहे ना हे पाहिले, उतारावर गाडी थांबवून पाहिली, आणि शू बसल्यावर दांडा एका खटक्याने वर आला तेवढी दुरुस्ती केबलच्या नटाने केली.