इंजिनवाले आणि खिडकीवाले

नानांच्या वहीत सहा रकाने होते. तारीख, गाडी, गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), इंजिन नंबर, सुटली, पोचली. लाल शाईनं, पट्टी लावून आखलेले. आमची नऊ जणांची सहल आईल ऑफ मॅनला निघाली तेव्हा बाकीच्यांनी औषधं, चिवडा आणि जादा स्वेटर घेतले. नानांनी वही घेतली, आणि तीही बॅगेत न टाकता कोटाच्या आतल्या खिशात. बॅग हरवली तर, म्हणे.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये 36 वर्षं काढून निवृत्त झालेले. 'एकदा परदेश बघून येऊ' एवढंच घरात ठरलं होतं. त्या परदेशाचं आकसत आकसत इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं, 52 किलोमीटर लांब आणि 22 किलोमीटर रुंद बेट कधी झालं, ते तिकिटं हातात पडेपर्यंत आम्हाला कळलं नाही.

"काय आहे तिथे?" मी विचारलं होतं.

"पाच तऱ्हेच्या रेल्वे."

"आणि बाकी?"

"बाकी आणखी काय लागतं?"

इंग्लंडमधल्या हीशम बंदरातून बोटीनं पावणेचार तास. डग्लसला, म्हणजे बेटाच्या राजधानीत, उतरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि उजेड मात्र आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचचा. जूनचा शेवट होता. जेवायला बसलो तर सुट्ट्या पैशांत एक पौंडाची कागदी नोट आली. हे बेट ब्रिटनच्या राजाचं, पण ब्रिटनमध्ये नाही. संसद वेगळी, नोटा वेगळ्या. पौंडाला पौंड अशी किंमत सारखी असली तरी पलीकडच्या दुकानात ही नोट काढली तर दुकानदार ती उलटीसुलटी करून बघतो, तेव्हा इथेच संपवा, असा सल्ला आम्हाला वेटरनंच दिला. नाना नोट बघत होते. तिच्यावर इंजिन नाही हे कळल्यावर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेची गाडी. गाडी फलाटाला लागली की काही माणसं डबा शोधतात आणि काही माणसं डब्याकडे पाठ करून सरळ इंजिनाच्या दिशेनं चालू लागतात. आमच्यातले चौघे इंजिनाकडे गेले, चौघे खिडक्या धरायला धावले. माई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, बाकावर बसून राहिल्या. माईंना कुठल्याही वाहनात पाचव्या मिनिटाला झोप लागते, त्यामुळे त्या कुठल्याच पक्षात नव्हत्या. मी खिडकीवाली. अगदी कट्टर.

या डब्यांना आतून वाट नाही. प्रत्येक कप्प्याला स्वतःचं दार, समोरासमोर दोन बाकं, आणि खिडकीच्या खऱ्या जागा चारच. त्यामुळे खिडकीवाल्यांचं गणित जमलं. खिडकीची काच चामड्याच्या पट्ट्यावर वरखाली होते. पट्टा सोडला की काच धाडकन खाली जाते आणि बाहेरचं सगळं आत येतं: गवताचा वास, मेंढ्या, धूर. पोर्ट सोडरिकच्या अलीकडे समुद्र एकदम खाली दिसला आणि मी तोंडातला घास विसरले. त्याच वेळी इंजिनानं चढावर जोर काढला आणि माझ्या मांडीवरच्या चिवड्यात काळे ठिपके पडले. आता त्यातली मोहरी कुठली आणि कोळसा कुठला, हे चावूनच ठरवायचं होतं.

"बेयर पीकॉक कंपनीचं इंजिन," पलीकडून नाना म्हणाले. "मँचेस्टर. 1874. चार नंबर. लॉक नाव आहे. इथल्या एका गव्हर्नरचं."

म्हणजे डोंगर, समुद्र, कुंपणावरची पिवळी फुलं, यातलं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी आम्ही चार नंबरच्या मागे बांधलेलं ओझं होतो. डग्लसहून पीलला पहिली गाडी 1873 साली सुटली, पुढच्या वर्षी ही पोर्ट एरिनची लाइन झाली, रुळांमधलं अंतर तीन फूट, पल्ला साधारण 25 किलोमीटर. पहिल्या वर्षीच्या तीन इंजिनांपैकी एक मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे, उभं कापलेलं, आतल्या नळ्या लोकांना दिसाव्यात म्हणून. हे सांगताना नानांचा आवाज एखाद्या नातेवाइकाच्या ऑपरेशनबद्दल सांगावं तसा खाली आला.

वाटेत कासलटाउनला उतरलो. बेटाची ही जुनी राजधानी, मधोमध करड्या दगडाचा किल्ला, आणि किल्ल्यावर एक घड्याळ, त्याला एकच काटा. तास दाखवणारा. मिनिटकाटा नाहीच. राणी पहिल्या एलिझाबेथनं ते 1597 साली दिलं असं तिथे सांगतात. मी खूश झाले. नाना अस्वस्थ. 'पोचली' या रकान्यात त्यांनी 11.24 लिहिलं होतं आणि समोरचं घड्याळ फक्त 'अकरा होऊन गेलेत, बारा व्हायचेत' एवढंच म्हणत होतं. इथल्या जुन्या मँक्स भाषेत सगळ्यांच्या तोंडी असलेला एक शब्दप्रयोग आहे, कानाला साधारण 'ट्रे डि ल्यूर' असा लागतो. अर्थ, वेळ आहे की भरपूर. किल्ल्यातल्या बाईंनी तो आम्हाला शिकवला. नानांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो म्हणून दाखवला.

पोर्ट एरिनला उतरल्यावर समुद्राकाठच्या उंच कड्यावर एक मनोरा दिसतो. नीट बघितलं तर त्याचा आकार किल्लीसारखा आहे. तिजोऱ्या बनवणाऱ्या मिलनर नावाच्या गृहस्थासाठी 1871 मध्ये बांधलेला, म्हणून किल्ली. मला हे इतकं आवडलं की मी इंजिनवाल्या चौघांना हाका मारल्या. ते इंजिनाचं पाणी भरणं बघत होते. जाड नळी टाकीत सोडली होती, पाणी काठोकाठ आलं, सांडलं, पितळी घुमटावरून ओघळलं आणि वाफ होऊन गेलं. चौघांच्याही चेहऱ्यावर देवाला अभिषेक चालू असताना असतो तसा भाव. मी किल्लीचं कुणालाच सांगितलं नाही.

तिसरा दिवस पीलचा, आणि तो बसनं. कारण पीलची आणि रॅम्झीची वाफेची लाइन 1968 मध्ये बंद झाली, पुढे रूळही उचलले. आता पीलच्या जुन्या लाइनीवर पायवाट आहे. सेंट जॉन्सला आम्ही टिनवाल्डची, म्हणजे इथल्या संसदेची, टेकडी बघितली. चार पायऱ्यांची, हिरवळीची. दर वर्षी 5 जुलैच्या सुमारास तिथे नवे कायदे मँक्समध्ये आणि इंग्रजीत वाचून दाखवतात. मग नाना त्या पायवाटेवरून चालायला लागले. दोन्ही हात मागे, मान खाली. एका ठिकाणी थांबले, बुटानं माती उकरली, काही सापडलं नाही. "इथे जंक्शन होतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी वहीत तारीख आहे, 'गाडी'च्या खाली 'पील लाइन' आहे आणि पुढचे चार रकाने कोरे.

पीलला धुरावलेला किपर मासा खाल्ला. झकास. त्याबद्दल जास्त लिहिलं तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

चौथ्या दिवशी विजेची ट्राम. डग्लसच्या उत्तर टोकाला डर्बी कासलपासून किनाऱ्याच्या कड्याकड्यानं रॅम्झीपर्यंत 27 किलोमीटर. पहिला टप्पा 1893 चा. त्या साली आलेल्या एक आणि दोन नंबरच्या ट्रामी अजून आहेत आणि प्रसंगी बाहेर निघतात. जगात आपल्या मूळ लाइनीवर धावणाऱ्या ट्रामींत त्या सगळ्यात जुन्या समजल्या जातात. आम्हाला त्या मिळाल्या नाहीत. पण डेपोच्या अर्धवट उघड्या दारातून एक नंबर दिसली आणि नाना इतका वेळ उभे राहिले की एक कर्मचारी 'काही हरवलंय का' असं विचारायला आला. नानांनी त्यांच्या इंग्रजीत आणि त्यानं त्याच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. दोन्ही इंग्रज्या एकमेकींना कळत नव्हत्या. पण नानांनी दोन मुठी हवेत धरून एक फिरवली, तो हसला, त्यानंही फिरवली, आणि पुढची दहा मिनिटं दोघंही हवेतल्या हवेत ट्राम चालवत होते. आमची ट्राम त्यात चुकली. वेळ आहे की भरपूर.

वाटेत ग्राउडलला उतरलो. इथे दोन फुटी गेजची, खेळण्यापेक्षा थोडी मोठी गाडी आहे. 1896 साली ती ज्या कामासाठी सुरू झाली ते मला फार मोलाचं वाटलं, कारण ते आमच्या पक्षाचं काम होतं. समुद्राच्या एका घळीत बांध घालून सी लायन आणि ध्रुवीय अस्वलं ठेवली होती आणि लोकांना ती बघायला नेण्यासाठी ही गाडी. इंजिनांची नावंही तशीच, 'सी लायन' आणि 'पोलर बेअर'. म्हणजे गाडी फक्त पोचवणारी. बघायचं ते पुढे.

"मग अस्वलं कुठायत?" मी विचारलं.

"अस्वलं कधीच गेली," नाना म्हणाले. "प्राणी गेले, गाडीही बंद पडली. मग हौशी लोकांनी रूळ पुन्हा टाकले, इंजिन पुन्हा उभं केलं."

"आणि लोक आता काय बघायला येतात?"

नानांनी उत्तर दिलं नाही. नुसतं इंजिनाकडे बोट केलं. ती छोटीशी गाडी आम्हाला घेऊन कड्याच्या टोकाला गेली, तिथे रिकाम्या घळीत समुद्र आपटत होता, आणि मग ती आम्हाला परत घेऊन आली. मी अख्खा वेळ बाहेर बघत होते खरी, पण परतताना माझ्या लक्षात आलं की रुळांच्या सांध्यांचे ठोके मी मोजतेय. हे मी कुणाला बोलले नाही.

लॅक्सीला झाडीत एक स्टेशन आहे, तिथे तीन फुटी ट्राम सोडून साडेतीन फुटी ट्राम पकडायची. ती 1895 पासून स्नेफेलच्या माथ्यावर जाते. उंची 621 मीटर. मधे सहा इंच का वाढले, हे नानांनी स्टेशनवरच पेन्सिल घेऊन दाखवलं. दोन रुळांच्या मधोमध तिसरा, थोडा उंच रूळ असतो. फेल नावाच्या इंजिनिअरची ती युक्ती. त्याला जागा हवी म्हणून गेज रुंद. त्यांनी पेन्सिल आडवी धरली आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडली. "असा धरतो."

"चढताना?"

"छे! चढते ती स्वतःच्या चाकांवर. हा चिमटा उतरायला."

डोंगरावर गाडी नेणाऱ्यानं आधी ती खाली कशी आणायची याचा विचार केला, हे ऐकून आमच्यातल्या गुडघेदुखीवाल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

अर्ध्या वाटेवर ट्राम मोटारसायकलच्या शर्यतींचा प्रसिद्ध रस्ता ओलांडते. त्या थांब्याचं नाव बंगलो. तिथे त्या नावाचं हॉटेल होतं, ते पाडलं, नाव राहिलं. आपल्याकडचा बंगला असा परदेशी डोंगरावर भेटला की बरं वाटतं. माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर सात राज्यं दिसतात असं म्हणतात: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, खुद्द मॅन, शिवाय समुद्राचं आणि स्वर्गाचं. आम्ही पोचलो तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता. या बेटाचा एक जुना समुद्रदेव आहे, मॅनानान. शत्रू आला की तो बेटावर धुक्याची शाल पांघरतो, अशी कथा आहे. आम्हा नऊ जणांत त्याला शत्रू कोण दिसला, कोण जाणे. खिडकीवाल्या चौघांचा असा पार निकाल लागला. सातांपैकी एकही राज्य नाही, हातात कॉफीचा कप, चष्म्यावर दव. आणि इंजिनवाले? ते खाली वाकून तो मधला रूळ बघत होते. तेवढा धुक्यातही दिसत होता. माईंनी डोळे उघडून "आलं का?" विचारलं, बाहेर बघितलं आणि पुन्हा मिटले.

उतरताना मी चिमट्याचा आवाज ऐकायला कान लावून बसले. कर्र, मग सुस्कारा, मग कर्र.

शेवटच्या संध्याकाळी घोड्याची ट्राम राहिली होती. डग्लसच्या किनाऱ्यावर ती 1876 पासून आहे. विजेची ट्राम सुरू होते तिथेच हिचं टोक. म्हातारे झालेले घोडे गावाबाहेर एका आश्रमात राहतात, लोक त्यांना भेटायला जातात. आमचा घोडा तपकिरी होता, पायांवर पांढरे केस, पुठ्ठा दिवाणाएवढा. उघडी ट्राम, दोन्ही बाजूंना समुद्र नाहीतर हॉटेलं, म्हणजे सगळ्याच जागा खिडकीच्या. भांडायला काही शिल्लक नव्हतं. टापांचा आवाज आणि रुळावरून चाकांची घरघर. नाना माझ्या शेजारी.

टोकाला पोचल्यावर घोडा सोडला. तो कुणी ओढल्याशिवाय ट्रामीला वळसा घालून दुसऱ्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि हाकणाऱ्यानं साखळी अडकवेपर्यंत शेपूट हलवत थांबला. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

नानांनी वही काढली. तारीख. घोडा ट्राम. तीन फूट. मग पेन थांबलं. ते उठले, घोड्याच्या तोंडापाशी गेले आणि हाकणाऱ्या मुलीला विचारलं, "नंबर?"

तिनं डब्याकडे बोट केलं. नानांनी मान हलवली, नाही, याचा. तिला कळलं. ती हसली आणि घोड्याच्या मानेवर थाप मारत तिनं त्याचं नाव सांगितलं.

नाना ते 'इंजिन नंबर'च्या रकान्यात लिहायला लागले, मधेच थांबले आणि वही तिच्यापुढे धरून म्हणाले, "स्पेलिंग?"