रविवारी संध्याकाळी मेस बंद

पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दरवर्षी जून ते ऑगस्टच्या दरम्यान बाहेरगावची हजारो पोरं गाद्या, बादल्या आणि कुलपं घेऊन या शहरात उतरतात. त्यांना कॉलेजचं माहितीपत्रक मिळतं, टाइमटेबल मिळतं, प्रॅक्टिकलची बॅच मिळते. स्वागताच्या भाषणात प्राचार्य पंचाहत्तर टक्के हजेरीचा दम भरतात. रविवार संध्याकाळचं मात्र कुणी बोलत नाही. ते ज्याचं त्याला, रात्री साडेआठला, बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळतं.

एफवायचा, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा पुण्यात रुळतो तो या बंद दारामुळेच, असं माझं मत आहे. लेक्चर, लायब्ररी, फ्रेशर्स पार्टी यांचा त्यात फारसा हात नसतो.

सोमवार ते शनिवार तसे निभतात. सकाळी सायकल काढायची, वर्गात मधल्या बाकावर बसायचं, गॅलरीत इतरांच्या मागून चालायचं. तालुक्याच्या कॉलेजात ज्याला सगळे मास्तर नावाने ओळखायचे, तो इथे एक रोल नंबर असतो. सर हजेरी घेताना वर बघतसुद्धा नाहीत. फिजिक्स इंग्रजीतून ऐकताना पहिला महिना नुसता वहीत उतरवून घेण्यात जातो, कळायचं नंतर बघू. पण हे सगळं इतक्या घाईत चाललेलं असतं की वाईट वाटायलाही उसंत नसते. दुपारी जर्नल, संध्याकाळी मेस, रात्री एसटीडी बूथपुढची रांग. उशिरा फोनचे दर उतरायचे, म्हणून सगळ्यांना त्याच वेळी आईची आठवण यायची. हे नव्वदच्या दशकातलं सांगतोय.

मी बार्शीहून आलो होतो. नारायण पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉट बेसिस म्हणजे भाडं खोलीचं नाही, खाटेचं. खोलीच्या उरलेल्या जमिनीवर कुणाचाच हक्क नाही आणि भिंतीवर खिळा ठोकायचा नाही. तीन खाटा होत्या. एका खाटेवर पाचोऱ्याचा, एका खाटेवर लांज्याचा आणि खिडकीखालच्या, पावसात ओल्या होणाऱ्या खाटेवर मी. सगळ्यात शेवटी येणाऱ्याला तीच मिळते. एकमेकांना आम्ही गावाच्या नावाने हाक मारायचो आणि अजूनही तसंच मारतो.

मेस दोन गल्ल्या सोडून होती. एका काकूंची, त्यांच्या राहत्या घरातच. बाहेरच्या खोलीत तीन टेबलं, आतल्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या दोन मावश्या आणि दाराशी एक पाटी. पुण्यातल्या पाट्यांबद्दल सगळ्यांनी बोलून झालंय, तरी या पाटीतला एक नियम सांगायलाच हवा : ‘सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत. खाडे आदल्या दिवशी सांगावेत.’ म्हणजे जेवायला न येण्यालाही पूर्वपरवानगी. खाड्यांसाठी काकूंकडे लाल पुठ्ठ्याची वेगळी वही होती आणि त्या वहीवर विद्यापीठाच्या गुणपत्रिकेपेक्षा आमचं जास्त लक्ष असायचं. दोन दिवस तापाने पडलेला लांजेकर तिसऱ्या दिवशी बरा झाला तेव्हा आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या. एक दिवस आणखी पडून राहिला असता तर महिन्याच्या पैशांतून तीन दिवस वजा झाले असते.

जेवण चांगलं असायचं. हे मुद्दाम लिहितो, कारण मेसच्या जेवणाला नावं ठेवणं हा पुण्यात शिकून गेलेल्यांचा कुळाचार आहे. गरम पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, भात, आमटी, कोशिंबीर. भांडण फक्त आमटीशी होतं. ती गोड असायची. आमच्याकडे येसर घातलेली, तर्री सुटलेली आमटी नाकातून पाणी काढते. इथे तिच्यात गूळ. पहिल्या घासाला मला वाटलं चुकून आधी गोडाचं वाढलं. पाचोरेकराला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी हवी होती. लांजेकराचा पोळी हा काही जेवणाचा पदार्थ आहे यावरच विश्वास नव्हता. तो आधी भात घ्यायचा, मध्ये भात घ्यायचा आणि काकू वळल्या की परत भात घ्यायचा. आम्ही तिघंही घरून आणलेल्या चटण्या खिशातून न्यायचो. माझ्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि आईने दिलेल्या कडक भाकरींचा गठ्ठा होता. बाजरीच्या त्या भाकरी पापडासारख्या मोडतात आणि आठवडेच्या आठवडे टिकतात.

रविवारी दुपारी फीस्ट असायची. मसालेभात, बटाट्याची भजी आणि मोजून दोन गुलाबजाम. ते वाढायला मावश्यांवर विश्वास नसायचा, काकू स्वतः पातेलं घेऊन फिरायच्या. ‘काकू, हा पाचोऱ्याचा आज नाहीये, त्याचे दोन मला वाढा ना,’ असं म्हटलं की काकू म्हणायच्या, ‘त्याने खाडा सांगितलाय का?’ नसायचाच सांगितलेला. ‘मग ते त्याचे आहेत. वाटीत काढून ठेवते, येईल तेव्हा खाईल.’ आणि खरोखरच ठेवायच्या.

दुपारचं हे असं भरपेट झालं की संध्याकाळी पोकळी जास्तच जाणवायची. रविवार हा घरी मटणाचा किंवा निवांतपणाचा दिवस. आई दुपारी उशिरा जेवायला घालणार आणि रात्री ‘काही करत नाही आज, खिचडी टाकते’ म्हणणार. त्या खिचडीची किंमत पुण्यात कळते. दुकानं लवकर बंद, वाड्यात मालकांकडे टीव्हीचा आवाज, उद्या सोमवार आणि पोटात भूक.

बाहेरून शिकायला आलेल्या मुलाने रात्री कुठे जेवायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी याच पेठांमधून गरीब मुलं माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. सात घरं मिळाली तर आठवडा भरला, सहाच मिळाली तर एक दिवस पाण्यावर. शिवाय हे वार मिळायचे ते जात पाहून. ज्यांना ते मिळण्यासारखे नव्हते त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही खेड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवणाच्या सोयीसाठीच. आपण शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा-कॉलेजं मोजतो. कुणीतरी एकदा पोळ्या मोजायला हव्यात. आमच्या काकूंचं नाव त्या इतिहासात येणार नाही, पण वाढलेल्या पोळ्यांचा आकडा बऱ्याच शिक्षणसम्राटांना भारी पडेल.

तर रविवार. पहिल्या रविवारी आम्ही तिघं आपापल्या खाटेवर पडून होतो. ओळख जेमतेम होती. कुणीच ‘जेवायचं काय’ असं विचारेना, कारण विचारणाऱ्यावर पैसे खर्च करायची वेळ येईल अशी प्रत्येकाला धास्ती. शेवटी मी कडक भाकरी काढली. पाचोरेकराने लोणच्याची बरणी पुढे केली. लांजेकर खाटेखाली वाकला आणि त्याने ट्रंकेतून फणसाचे गरे तळलेले काढले. वाड्यात स्वयंपाकाला बंदी होती, हे स्वयंपाकात बसत नव्हतं. भाकरी मोडण्याचा कडकड आवाज मात्र एवढा झाला की खालून मालकांनी ‘काय चाललंय रे?’ म्हणून हाक दिली.

पुढच्या रविवारपासून कॉन्ट्री सुरू झाली. प्रत्येकाने टेबलावर पैसे ठेवायचे, चिल्लर असली तरी चालेल, आणि मग लकडी पुलावरून डेक्कनकडे निघायचं. पायीच, कारण डबलसीट सायकल पोलिसाने एकदा अडवली होती. भुर्जीची गाडी बघायची. गाडीवाला तव्यावर कांदा टाकतो, वर मिरची, मग एका हाताने दोन अंडी फोडतो आणि उलथण्याच्या काठाने सगळं इतकं बारीक तोडत जातो की त्या टकटक आवाजानेच तोंडाला पाणी सुटतं. एक डबल भुर्जी आणि जादा पाव. भुर्जी तिघांत किती पुरवायची याचं गणित आम्हाला कॅल्क्युलसच्या आधी जमलं. पावाचे तुकडे लहान करत न्यायचे आणि तव्याच्या कडेचं खरपूस शेवटी ठेवायचं. पैसे उरले तर चहा, दोनाचे तीन करून. आणि मग परत येताना, पुलाच्या कठड्याला टेकून, पोट अर्धवट भरलेलं असताना, माणसं बोलायला लागतात. पाचोरेकराच्या वडिलांनी केळीची बाग मोडून फी भरली हे मला तिथे कळलं. लांजेकर डॉक्टर व्हायला निघाला होता, नंबर लागला नाही म्हणून इथे आला, हेही तिथेच. मेसच्या टेबलावर असलं कुणी बोलत नाही. तिथे मागे पुढची बॅच ताटाकडे बघत उभी असते.

हळूहळू रविवारच्या टोळीत वर्गातलीही पोरं आली. प्रॅक्टिकलचा पार्टनर आधी इतका गंभीर वाटायचा की त्याच्याशी फक्त व्हर्नियर कॅलिपरबद्दल बोलता यायचं. तो एका रविवारी गाडीवर भेटला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आमचं रीडिंग पहिल्यांदा बरोबर आलं. त्यानेच मला नाटकवाल्यांत ओढलं. पुण्यात एफवायची पहिली टर्म आणि पुरुषोत्तम करंडक एकाच हंगामात येतात. ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालत आलेली. नव्या पोरांच्या वाट्याला तिथे भूमिका येत नाही, खुर्च्या उचलणं येतं. मी एक लाकडी दरवाजा वाहायचो. भरत नाट्य मंदिरात तो पाठीवर घेऊन शिरताना बाहेर ‘आवाज कुणाचा’ची आरोळी उठली आणि मी दरवाज्याखालून माझ्या कॉलेजचं नाव बेंबीच्या देठापासून ओरडलो. महिन्यापूर्वी त्याच कॉलेजचा आपल्याशी काही संबंध आहे असं मला वाटत नव्हतं. तालमी रात्री उशिरापर्यंत चालायच्या, मेसची वेळ हुकायची, आणि आदल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून खाडा मात्र मिळायचा नाही.

आता माझा भाचा पुण्यात एफवायला आहे. त्याच्या तोंडी क्रेडिट्स, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, एबीसी आयडी असले शब्द असतात. नवीन शैक्षणिक धोरणामुळे त्याला विज्ञानाबरोबर दुसऱ्या शाखेतलाही विषय घेता येतो, याचा मला हेवा वाटतो. मेस अजूनही रविवारी संध्याकाळी बंद असते. ‘मग काय करतोस?’ मी विचारलं. ‘मागवतो ना मामा, मोबाईलवरून.’ मला वाईट वाटलं. म्हटलं, गेलं सगळं. चार पोरं, चार मोबाईल, चार पुडकी, चार भिंतींकडे तोंडं. तेवढ्यात तो म्हणाला, ‘पण एकट्याने मागवलं तर डिलिव्हरीचा खर्चच केवढा पडतो. म्हणून आम्ही फ्लॅटमधले सगळे एकत्र मागवतो. कूपन एकाचं, पत्ता दुसऱ्याचा, पैसे तिसरा भरतो. मग ज्याचे त्याने त्याला पाठवायचे.’ आणि पाठवत नाहीत, हे त्याने पुढे तक्रारीच्या सुरात सांगितलं. एकाकडे तीन आठवड्यांचे पनीरचे पैसे अडकलेत. त्यावरून ग्रुपवर रात्री दीडपर्यंत वाद चालला, मग त्याच पोराने सगळ्यांसाठी खाली जाऊन चहा आणला. म्हणजे काळजीचं कारण नाही.

दिवाळीत मी घरी गेलो ते आठवतं. पहिल्याच रात्री जेवण झालं आणि मी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं, वर पाणीही ओतलं. मेसमध्ये तशी सवयच लागली होती. आई एकदम गप्प झाली. ‘पाहुण्यासारखं काय करतोस?’ म्हणाली आणि माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. आमटी तिने मुद्दाम नेहमीची, झणझणीत केली होती आणि मला ठसका लागला होता, तेही तिने पाहिलं होतंच. वडिलांची काळजी निराळी होती. ‘तिकडे खाडे सांगून आलास ना?’

सांगून आलो होतो, आदल्या दिवशी, वहीत लिहून घेतल्याची खात्री करून. सुट्टी संपवून परत गेलो तेव्हा आईने काकूंसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. काकूंनी लाल वही काढली, पानावरून बोट फिरवलं आणि पाडवा व भाऊबीज या दोन दिवशी मेसच बंद असल्यामुळे ते खाडे धरता येणार नाहीत, असं शांतपणे सांगितलं. लाडवांचा डबा ठेवून घेतला. त्या आठवड्याच्या फीस्टला गुलाबजामच्या जागी आमच्या टेबलावर आईचेच लाडू आले. मोजून दोन.