पाठीमागच्या बंदुका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. वर्गात दुसरं महायुद्ध शिकवायला घेतलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, रशियन सैनिकांना मागून बंदुका रोखून लढायला लावायचे, ते खरंय का?" पालकही तेच विचारतात.

खरंय, पण अर्धंच. दक्षिण रशियातलं रोस्तोव्ह शहर जर्मनांच्या हाती गेल्यावर काही दिवसांतच, २८ जुलै १९४२ ला स्टालिननं आदेश क्रमांक २२७ काढला. 'एक पाऊलही मागे नाही' म्हणून तो ओळखला जातो. पळणाऱ्यांना अडवायला पिछाडीला पथकं उभी केली. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या अडीच महिन्यांत त्यांनी १,४०,७५५ जण पकडले. त्यातल्या १,१८९ जणांना गोळ्या घातल्या. १,३१,०९४ जणांना मात्र पुन्हा लढायला पाठवलं. १,१८९ हा आकडा मी लहान मानत नाही, पण सिनेमात दिसतं तसं सरसकट गोळ्या घालणं ते नव्हतं.

मला जास्त छळतात त्या याच आदेशानं उभ्या केलेल्या शिक्षेच्या तुकड्या. अधिकाऱ्यांसाठी बटालियन, साध्या शिपायांसाठी कंपनी. तिथं जाताना हुद्दा जायचा, छातीवरची पदकं काढून जमा करायची. कालचा मेजर आज शिपाई. मुदत एक ते तीन महिने. आदेशातले शब्द आहेत 'रक्तानं प्रायश्चित्त', आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. लढताना जखमी झालेल्याची शिक्षा भोगून झाली असं धरायचं, हुद्दा आणि पदकं परत द्यायची, असा लेखी नियमच होता. शौर्य गाजवलं तर मुदतीआधीही सुटका व्हायची, पण त्यासाठी कुणीतरी पाहायला आणि लिहायला हवं. जखम सगळ्यांना दिसते. माणूस खरोखर भ्याड होता, की आपल्या माणसांना विनाकारण मरू द्यायचं नाही म्हणून मागे सरला होता, हे मग कोण विचारणार?

युद्ध संपेपर्यंत ४,२७,९१० जण या तुकड्यांतून गेले. १९४४ मध्ये दर महिन्याला त्यांची सरासरी निम्म्याहून जास्त माणसं मरत किंवा जायबंदी होत, त्याच मोहिमांतल्या इतर तुकड्यांच्या तीन ते सहा पट. मेलेल्याच्या कुटुंबाला त्याच्या जुन्या पगारावर पेन्शन मिळे.

हा आदेश कंपनी-कंपनीत मोठ्यानं वाचून दाखवला होता, पण देशात छापून आला १९८८ मध्ये. तो ऐकला तेव्हा २० वर्षांचा असलेला शिपाई, जगला असेल तर, तोवर ६६ वर्षांचा झाला होता.