रिसेप्शनला काळे शर्ट

बेळगावात खानापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात रिसेप्शनचं साउंड माझ्याकडे होतं. नवरा मुलगा पुण्यात आयटीत. त्याच्या कॉलेजचे चार मित्र काळे शर्ट घालून, केस पिंजारून स्टेजवर गिटारी जोडत होते. दोन-चार हिंदी गाणी म्हणतील असं मला वाटलेलं. यादी हातात आली तर सगळी ‘द क्युअर’ या इंग्रजी रॉक बँडची.

लाइन चेक, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज तपासणं, चालू असतानाच मुलीचे काका मिक्सरपाशी आले. “हे काय वाजवुलालेत हो? लग्न हाय की दहावा?”

काकांचं अगदीच चूक नव्हतं. ‘द क्युअर’ म्हणजे इंग्लंडातल्या क्रॉली गावची पोरं. १९८०, ८१ आणि ८२ या तीन वर्षांत त्यांनी एकाहून एक उदास तीन अल्बम काढले. तिसऱ्याच्या दौऱ्यात तर गायक रॉबर्ट स्मिथ आणि बेस गिटारवाला सायमन गॅलप यांच्यात हाणामारी झाली, गॅलप बँड सोडून गेला. मग स्मिथनं उड्या मारायला लावणारी हलकी गाणी केली, ती चालली. कुणीही तिथंच मुक्काम ठोकला असता. यानं परत आलेल्या गॅलपला घेऊन १९८९ मध्ये ‘डिसइंटिग्रेशन’ काढला. लांबलचक, पावसाळी, रडका. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीला तो खपेल असं वाटत नव्हतं. पण तोच तुफान खपला, आणि बँड स्टेडियममध्ये वाजवू लागला.

हे का झालं याचं माझं उत्तर मिक्सरवरचं आहे. यांच्या गाण्यात बेस नुसता खाली धपधपत नाही. तो वर चढून चाल वाजवतो, गायकाच्या आधी तोच गाऊन घेतो. शब्द रडतात, पण पाय हलतो. दुःखाला ठेका मिळाला की लोक ते ऐकून घेतात; आपल्या भजनी मंडळांना हे कधीच कळलंय.

त्या कार्यालयात मात्र वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. लग्नात बासच्या पेट्या फुगवतात तशा फुगवल्या असत्या तर सगळा काला झाला असता. मी बेसचा दोनशे हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा उतरवला, मधला भाग वर घेतला. स्टेजवरचा मुलगा बारीक तारांवर बोटं वर सरकवत वाजवत होता. आता त्याचा एकेक सूर पंगतीपर्यंत सुटा पोचायला लागला. गिटारवाल्यानं कोरस पेडल (सूर दाट आणि लहरता करणारं) इतकं पिळलं होतं की त्याला खूण करून कमी करायला लावलं. कीबोर्ड मागं ठेवला. ‘लव्हसाँग’ सुरू झालं तेव्हा जिलेबी वाढणारा पोरगा भांडं कमरेला लावून ठेक्यात चालत होता. स्टेजसमोर बारकी पोरं नाचायला लागली, नवरीच्या मैत्रिणी त्यांच्यात घुसल्या.

काका परत आले. या वेळी खुर्ची ओढून बसले. मी सांगितलं, हे गाणं त्या स्मिथनं आपल्या बायकोला लग्नाची भेट म्हणून लिहिलंय. शाळेपासूनची ओळख. अमेरिकेत ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. वर गायिका जॅनेट जॅक्सनचं गाणं होतं.

“लग्नाची भेट, आणि असला सूर?”

“त्याचा तोच सूर हाय, काका.”

“आता काय करतो मग?”

म्हटलं, सोळा वर्षं नवा अल्बमच नव्हता. मग १ नोव्हेंबर २०२४ ला आला, त्यात सगळं मरणाचं आणि म्हातारपणाचं. इंग्लंडात पहिला नंबर.

“वय काय त्याचं?”

“आला तेव्हा पासष्ट.”

“मग बरोबर हाय की! पासष्टीत रडायचा हक्क हाय माणसाला. विशीत कशाला रडत होता, ते विचार त्याला,” म्हणाले, आणि दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणून जनरेटरवाल्याला कन्नडमधून हाका मारत निघाले.