आधी ऐकलं ते ओरिजिनल

कव्हर अल्बम म्हटलं की लोक जरा नाक मुरडतात, स्वतःची गाणी सुचेनात म्हणून दुसऱ्यांची उचलली असा एकंदर सूर असतो. असेलही तसं, पण माझ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वाजलेला अल्बम कव्हरचाच आहे त्याला काय करणार! बेथ हार्ट आणि जो बोनामासाचा ‘डोन्ट एक्स्प्लेन’, २०११ चा. दहा गाणी आणि दहाही दुसऱ्यांची. हार्टबाई लॉस एंजलिसच्या, आवाज म्हणजे रात्री कडाक्याचं भांडण झाल्यावर सकाळी घसा असतो ना, तसा. बोनामासा गिटारवर आहे, हा माणूस एरवी सोलो वाजवायला लागला की थांबायचं नाव घेत नाही पण इथे शहाण्यासारखा मागे उभा राहिलाय.

तर हा अल्बम हाती लागला तेव्हा यातली बरीचशी गाणी मला माहीतच नव्हती. आणि गंमत अशी की जे आधी कानावर पडतं तेच आपलं ओरिजिनल होऊन बसतं, खरं कुणाचं ते नंतर कळलं तरी कान ऐकत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सिरीजच्या स्वस्त व्हर्जन कॅसेट निघायच्या, जुनी गाजलेली गाणी नव्या गळ्यातून, आणि ज्या घरात तीच कॅसेट असायची तिथल्या पोरांना तेच गाणं खरं वाटायचं. मग कधीतरी रेडिओवर मूळ गाणं लागलं की हीच पोरं म्हणणार, हे जरा वेगळंच म्हटलंय नाही?

माझं अगदी तेच झालं ‘आयड रॅदर गो ब्लाइंड’च्या बाबतीत. गाणं मूळचं एटा जेम्स या अमेरिकन गायिकेचं. १९६७ साली अलाबामातल्या मसल शोल्सला फेम स्टुडिओत रेकॉर्ड झालं आणि आलं कुठे तर ‘टेल मामा’च्या सिंगलच्या, म्हणजे छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला, बी-साइड म्हणून! अख्खं गाणं दोन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोनच जुळण्यांवर चालतं. तो दुसरीशी बोलताना दिसला आणि हिला कळून चुकलं की संपलं सगळं, त्याला सोडून जाताना बघण्यापेक्षा आंधळी झाले तर बरं, एवढीच गोष्ट. चाल कुठे वळणं घेत नाही त्यामुळे सगळा भार गाणाऱ्यावर. एटा अडीच मिनिटांत आटपते आणि हार्ट आठ मिनिटांच्या वर घेते, आणि मी आधी हार्टचं ऐकलेलं असल्यामुळे एटा मला चक्क घाईत वाटली. आता जाणकार म्हणतील की ती घाई नाही, तिला लांबवायची गरजच नाही. पटतं मला. पण कान अजून आठ मिनिटंवालाच मागतो.

बरं, ओरिजिनल शोधत मागे जायचं म्हटलं तर कुठपर्यंत जाणार? ‘सिनर्स प्रेअर’ मी रे चार्ल्सचं समजून होतो, त्याच्या आधी लोवेल फुल्सनचं आहे. ‘आय’ल टेक केअर ऑफ यू’ १९५९ साली बॉबी ब्लँडने गायलं, पण लिहिलंय ब्रूक बेंटनने. ‘एन्ट नो वे’ अरेथा फ्रँकलिनचं म्हणून जगाला माहीत, लिहिणारी तिची बहीण कॅरोलिन. आणि एटाच्या त्या गाण्याची तर कथाच आहे. तिने आत्मचरित्रात सांगितलंय की एलिंग्टन जॉर्डन नावाचा मित्र तुरुंगात होता, त्याला भेटायला गेल्यावर त्याने गाण्याचा सांगाडा ऐकवला, बाकीचं दोघांनी मिळून पुरं केलं, पण टॅक्सच्या भानगडीमुळे तिने आपल्या जागी तेव्हाचा जोडीदार बिली फॉस्टरचं नाव लावलं.

हे नुसतं गॉसिप नाही, यात पैसा आहे. अमेरिकेत १९०९ पासून कायदा असा की गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की कुणीही त्याचं कव्हर करू शकतो, परवानगीसाठी हातापाया पडायला नको, फक्त ठरलेला दर भरायचा. हा अल्बम आला तेव्हा तो दर साधारण लांबीच्या गाण्याला, एका कॉपीमागे, ९.१ सेंट होता. तो जाणार लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला. जिच्या गळ्यामुळे गाणं लोकांच्या लक्षात राहिलं तिला यातून काही नाही!

अल्बम सगळाच जमलाय असं मात्र नाही हं. ‘समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी’ हेही एटाचंच, त्यात चर्चचा जो उत्साह आहे त्याच्या जागी इथे नुसता जोर आलाय. टॉम वेट्सचं ‘चॉकलेट जीझस’ मुळात इतकं विक्षिप्त की मागे कोंबडा आरवतो, ते इथे फार नीटनेटकं झालंय. पण टायटल साँग! बिली हॉलिडेचं, नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक दिसली त्यावरून सुचलेलं. एवढा मोठा आवाज असलेली हार्ट इथे तो जवळजवळ वापरतच नाही, आणि म्हणून ते भारी झालंय.

डिसेंबर २०१२ मध्ये केनेडी सेंटरला ब्लूज गिटारवादक बडी गायचा सन्मान झाला तेव्हा हार्टने जेफ बेकच्या गिटारसोबत तेच दोन कॉर्डवालं गाणं म्हटलं. (हेच बडी गाय २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला वाजवून गेले.) २०१२च्याच जानेवारीत एटा वारली होती. ती क्लिप बघून किती जणांना हे गाणं हार्टचंच वाटलं असेल देव जाणे.

२०१३ मध्ये दोघांचा पुढचा अल्बम आला, ‘सीसॉ’, हाही कव्हरचाच. टीना टर्नरचं ‘नटबुश सिटी लिमिट्स’ झकास. पण त्यात ‘स्ट्रेंज फ्रूट’ पण घेतलंय, काळ्या लोकांना झाडाला लटकवून मारायचे त्यावरचं, बिली हॉलिडेने १९३९ मध्ये गायलेलं. हार्टने ते मनापासून गायलंय, कुठे खोट काढता येत नाही, पण हे एक गाणं मी आधी बिलीचं ऐकलं होतं. मी दर वेळी ते स्किप करतो.