तिन्हीसांजा, दुपारी पावणेतीनला

डिसेंबरात स्टॉकहोमला सूर्य पावणेतीनच्या सुमारास मावळतो. जेवणाची भांडी अजून सिंकमध्येच असतात आणि बाहेर तिन्हीसांजा झालेल्या असतात. 'तिन्हीसांजेला लोळू नये' हा आईचा नियम इथे पाळायचा म्हटलं, तर वामकुक्षी जन्मात मिळायची नाही. त्या वेळी साताऱ्याला फोन लावला तर तिकडे सव्वासात वाजलेले असतात. तुळशीपाशी दिवा लावून झालेला असतो, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असतात. अंधार दोन्हीकडे, फक्त तिच्याकडचा वेळेवर आलेला.

हे घर ताब्यात आलं तेव्हा त्यात एकही दिवा नव्हता. इथे जाणारा भाडेकरू आपले दिवे उतरवून घेऊन जातो. छताला उरतो एक हूक आणि त्याच्या शेजारी प्लग बसवायची जागा. मी निर्धास्त होते, कारण आईने चकलीच्या डब्याशेजारी सहा एलईडी बल्ब बांधून दिले होते. "तिकडे महाग असतील." दुकानातून वायर-होल्डर आणला, नवरा खुर्चीवर चढला, बल्ब होल्डरला लावला आणि तसाच थांबला. आपला बल्ब दोन पिनांचा, दाबून वळवायचा. इथला होल्डर आट्यांचा. त्या रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये वरणभात झाला. ते सहा बल्ब अजून कपाटात आहेत. आईला सांगितलेलं नाही.

मग आम्ही हट्टाने शोधून ६५०० केल्विनचे बल्ब आणले. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा, हे तेव्हा माहीत नव्हतं. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, एवढंच कळत होतं. आमची वाढच ट्यूबलाइटखाली झालेली. उजेड म्हणजे सुई पडली तर सापडली पाहिजे. खोली लखलखली, आम्ही खूश झालो. आठवड्याने बसमधून उतरताना लेक म्हणाली, "आई, आपलं घर लगेच ओळखू येतं. ते दवाखान्यासारखं दिसतंय ना, ते."

वर पाहिलं तर खरंच. अख्ख्या इमारतीच्या खिडक्या तुपासारख्या पिवळ्या आणि मधोमध आमचं ऑपरेशन थिएटर.

शेजारी एक आजी राहतात. त्यांच्याकडे कॉफीला गेले तेव्हा मी गुपचूप दिवे मोजले. एका खोलीत सात! खुर्चीशेजारी एक, पुस्तकांच्या फळीवर एक, टेबलावर इतका खाली लोंबणारा की उठताना डोकं आपटावं आणि प्रत्येक खिडकीत एकेक छोटा. छतावरचा दिवा बंद. तो म्हणे फक्त केर काढताना लावायचा. त्या खोलीत कोपरे अंधारलेले होते, पण आजींचा चेहरा मात्र उजळला होता. आमच्याकडे नेमकं उलट होतं. फरशी लख्ख, आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या.

मग आम्हीही उजेड जमिनीकडे उतरवला. २७०० केल्विनचे पाच-सहा छोटे दिवे, कमरेच्या उंचीवर. या बल्बच्या पोटात मुळात निळा उजेडच असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा होतो, आणि लेपानुसार थंड किंवा उबदार दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, तेही याच गावात, १० डिसेंबरला. वर्षातल्या सगळ्यात काळोख्या दिवसांत दिव्याचं बक्षीस द्यायला यांना बरं सुचलं! स्वयंपाकघर मात्र मी पांढरंच ठेवलंय. मेथी आणि डाळीतला खडा पिवळ्या उजेडात निवडून दाखवा, मग बोलू.

अर्थात खऱ्या उन्हाची सर कशालाच नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या टेबलावर दहा हजार लक्सचा दिवा आहे. लक्स म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप. ती रोज सकाळी अर्धा तास त्याच्यापुढे बसते आणि तिला त्याने बरं वाटतं. मी एकदा बसून पाहिलं, चहाचासुद्धा एक्स-रे निघतोय असं वाटलं. साताऱ्यात भर दुपारी अंगणात लाखभर लक्स फुकट पडलेले असतात आणि आपण त्यांच्यापासून पळत सावली शोधतो. इथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर येतो. हात लांब केला की चार बोटं, तेवढाच. पण इतका खाली असल्यामुळे तो आलाच, तर थेट आत शिरतो आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. म्हणून जेवणाचं टेबल दक्षिणेच्या खिडकीशी सरकवलं, समोर आरसा टांगला आणि मुख्य म्हणजे काचा घासल्या. त्या काचांवर गेल्या वर्षीची धूळ होती, आणि आम्ही दोष देत होतो स्वीडनला.

आकाशकंदील आम्ही दिवाळीनंतरही खिडकीतच ठेवतो. नोव्हेंबर इथला सगळ्यात वाईट महिना, बर्फही नसतो. बर्फ पडला की निदान खालून तरी उजेड येतो. पहिल्या वर्षी आजींनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमचा अ‍ॅडव्हेंट इतक्या लवकर?" नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे अ‍ॅडव्हेंट सुरू होतो त्या दिवशी, कारण कळलं. एका संध्याकाळीत गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत कागदाच्या चांदण्या लटकल्या आणि सात दिव्यांचे त्रिकोणी दीपदान उभे राहिले. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. बसस्टॉपवरून चालत येणाऱ्याला पुरतील असे. आमचा कंदील त्या रांगेत जरा थोराड दिसला, झिरमिळ्या असलेला तो एकटाच. १३ जानेवारीला सगळ्यांची आवराआवर होते, तेव्हा आम्हीही तो उतरवतो. तुळशीचं लग्न कधीच लागून गेलेलं असतं, पण इथे विचारणारं कोण?

विचारते ती आईच. व्हिडिओ कॉल लागला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, अंधारात काय बसलीस? दिवा लाव की." घरात सहा दिवे चालू आहेत हे मी तिला सांगून पाहिलं, दाखवूनही पाहिलं. "ते झालं गं. मोठा लाव."

आता मी फोन घेऊन सरळ स्वयंपाकघरात जाते आणि मेथीच्या जुडीशेजारी, पांढऱ्याफटक उजेडात स्टुलावर बसते.

"हां," आई म्हणते, "आता दिसलीस."