माझे डाग आणि लेकीचं वार्निश

माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. बालपण यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या एका गावात गेलं, हापशीच्या पाण्यावर. वर्गातल्या कितीतरी पोरांचे दात तसेच, म्हणून कधी वावगं वाटलं नाही. वाटलं ते पुण्यात कॉलेजला आल्यावर. तेव्हापासून मी फोटोत तोंड मिटूनच हसते. पुढे पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं म्हणून त्या हापशीला लाल रंग, म्हणजे 'पिऊ नका' अशी खूण, मारला गेला आणि 'फ्लोराइड' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा झाला.

म्हणून लेकीची टूथपेस्ट मी मुद्दाम बिनफ्लोराइडची आणायचे. साडेपाचव्या वर्षी तिची एक दाढ किडलेली निघाली. शिवाय वरच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे डाग. डॉक्टर म्हणाल्या, "दाढ भरू. डागांना फ्लोराइड वार्निश लावू."

मी ओठ वर करून माझे दात दाखवले. "हे बघून सांगा."

त्यांनी नीट पाहिलं. "ताई, तुमचे दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा रोज पोटात फ्लोराइड जात होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नकोच. हे मात्र बाहेरून, बाहेर आलेल्या दाताला लावायचं." गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, दातातलं कॅल्शियम झिरपून जातं आणि लाळ ते परत भरते. फ्लोराइड असलं की ही भरती जोमाने होते आणि नवा थर आम्लाला सहज बधत नाही. ते पांढरे डाग म्हणजे अजून खड्डा न पडलेली कीड. तिथूनच मागे फिरता येतं.

रात्री आईला फोन केला. "तेच ना वं, आपल्या हापशीतलं?" तेच. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही.

प्रत्यक्षात काम पाच मिनिटांचं. दात पुसून कोरडे केले, बारक्या ब्रशने पिवळसर चिकट लेप फिरवला. काही तास कडक, गरम काही नाही. त्या रात्री ब्रशही नाही. "आई, दात शेंबडे झाले," एवढीच तक्रार. सहा महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, समोर उभं राहून. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. आणि गिळायची तर अजिबात नाही, कारण तिचे कायमचे दात अजून आत घडतायत.

दुसऱ्या खेपेला डाग फिकटले होते.

मे महिन्यात माहेरी जाताना तिच्यासाठी आरओच्या पाण्याचा जार वेगळा नेते. पाणी उकळून भागत नाही; पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच उरतं.